मेयोतली दोन खोल्यांची शाळा

कॅसलबारजवळ, काउंटी मेयो, आयर्लंड
२२ मार्च

प्रिय सुमे,

"तिकडे पोरांना शाळेत शिकवतात तरी काय, की नुसते सणच साजरे करतात?" असं तू विचारलंस, ते फार बरं केलंस. इथे आल्यापासून जो तो मला पावसाबद्दल नाहीतर पगाराबद्दल विचारतो. शाळेची चौकशी करणारी तू पहिलीच. मास्तरीण ना शेवटी! आता चहा घेऊन बैस, पत्र लांबणार आहे.

एकच गाडी जाईल एवढा रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यापलीकडे मेंढ्या, आणि मध्येच ही शाळा. दोन वर्गखोल्या, दोन शिक्षिका. तुमच्या भाषेत द्विशिक्षकी. इथे प्राथमिक शाळा आठ वर्षांची असते: ज्युनिअर इन्फंट्स, सीनिअर इन्फंट्स आणि मग पहिली ते सहावी. म्हणजे एकेका खोलीत चार-चार इयत्ता. मुख्याध्यापिका थोरल्यांच्या खोलीत पूर्ण वेळ शिकवतात आणि उरलेल्या वेळात (तो कुठून उरतो देव जाणे) सरकारी कागद, गळकं छप्पर, पालकांचे फोन. आमची दुसरीतली थोरली आणि सीनिअर इन्फंट्समधला धाकटा एकाच खोलीत बसतात. त्यामुळे त्याने दिवसभरात काय दिवे लावले ते मला गाडीतच कळतं.

जोडवर्गाला आपल्याकडे नाकं मुरडतात. मीही मुरडत होते. पण इथे दुसरीतली पोर इन्फंटच्या बुटाची नाडी बांधता बांधता त्याला शब्द वाचून दाखवते, आणि पहिलीतलं पोर कान टवकारून दुसरीचं गणित ऐकत असतं. परीक्षा म्हणशील तर दुसरी, चौथी आणि सहावीला इंग्रजी वाचनाची नि गणिताची चाचणी. संपलं. नंबर नाही, बक्षीस नाही. तुझ्या दादांना हे ऐकून झोप लागणार नाही, तेव्हा त्यांना सांगू नकोस.

तुला एक गंमत सांगू? इथेही ३० सप्टेंबर! त्या दिवशीच्या पटावर पुढच्या वर्षी शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. तुमची संचमान्यता अगदी जशीच्या तशी. मागच्या उन्हाळ्यात एक कुटुंब गॉलवेला जाणार अशी कुणकुण लागली, तर त्यांना इथेच भाड्याचं घर मिळवून द्यायला अख्खा गाव कामाला लागला. धास्ती उगाच नाही गं. १८४१ साली या मेयो काउंटीत ३ लाख ८९ हजारांच्या आसपास माणसं होती; २०२२च्या जनगणनेत भरली १ लाख ३८ हजार. मध्ये दुष्काळ आणि नंतर पिढ्यान् पिढ्यांचं परदेशी जाणं. २०२२नंतर युक्रेनहून आलेल्या मुलांनी खेड्यातल्या कितीतरी शाळांना हात दिला. आमच्यामुळेही पटावर दोन नावं वाढली, म्हणून आमचं स्वागत जरा जास्तच प्रेमाने झालं असा माझा संशय आहे.

आता शिकवतात काय. रोज आयरिश भाषा, अगदी पहिल्या दिवसापासून. घरी बोलणारे फार थोडे, पण "अन विल क्यॅड अगम दुल गु जी अन लेहरस?", म्हणजे "मी शौचालयात जाऊ का?", हे वाक्य आयर्लंडातल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचार, अडखळणार नाही. शाळेतलं बाकी सगळं आयरिश विसरलेले आजोबासुद्धा हे विसरत नाहीत. मार्चमध्ये 'शाख्तन ना गेल्गे' असतो, म्हणजे आयरिश भाषेचा सप्ताह. १ तारखेला सुरू होतो आणि १७ला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, संपतो. सप्ताह सतरा दिवसांचा! आपल्या हरिनाम सप्ताहवाल्यांनाही हे जमलेलं नाही. त्यात मुलं टिनच्या शिट्टीवर सुरावटी वाजवतात, समोरासमोर रांगा करून 'केली' नावाचा नाच नाचतात, आणि शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हिरव्या टोप्या घालून मिरवणुकीत. यंदा पाऊस आडवा येत होता. कुणी जागचं हललं नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो त्याआधीचा, १ फेब्रुवारीचा, सेंट ब्रिजिडचा दिवस. २०२३पासून त्याची देशभर सुट्टी असते, आणि बाईच्या नावाची ही इथली पहिलीच सार्वजनिक सुट्टी. आदल्या आठवड्यात मुलं गमबूट घालून शाळेमागच्या पाणथळ रानात जातात आणि रशेस आणतात. लव्हाळ्याच्या जातीची हिरवीगार गोल काडी, आत पांढरा गाभा. कापायची नाही, उपटायची, असा जुना दंडक. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यात अडकवायची. मग सगळं पाव वळण फिरवायचं, पुढची काडी दुमडून आधीच्यांवर घालायची. फिरव, दुमड, दाब. चिमूट सैल पडली की सगळा पसारा हातात. जमलं तर मध्ये विणीचा चौकोन तयार होतो आणि चार दिशांना चार हात. टोकं दोऱ्याने बांधून कात्रीने सारखी केली की क्रॉस झाला. तो दारावर लावला की घराला आगीची नि उपासमारीची भीती नाही म्हणतात. धाकट्याच्या क्रॉसला तीनच हात आले. टीचर म्हणाल्या, तसेही करतात काही भागांत. खोटं नव्हतं ते, मी नंतर शोधून पाहिलं!

ब्रिजिडची गोष्ट ऐक. तिला मठासाठी जमीन हवी होती, राजा देईना. "माझा झगा पसरेल तेवढी तरी दे," म्हणाली. राजा हसून हो म्हणाला, आणि झगा पसरतच गेला, पसरतच गेला. आमच्या थोरलीने लगेच हात वर करून वामनाची तीन पावलं सांगितली. वर्गात चर्चा झाली म्हणे. निकाल ब्रिजिडच्या बाजूने लागला, कारण तिने राजाला पाताळात ढकललं नाही.

फुटबॉलचं थोडक्यात सांगते, कारण हा विषय इथे कुणीच थोडक्यात सांगत नाही. त्यांचा स्वतःचा गेलिक फुटबॉल, हातानेही खेळायचा. मेयोने अखिल आयर्लंडचा करंडक १९५१ साली आणला, तो शेवटचा. त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरण्यात या काउंटीचा हात कुणी धरू शकणार नाही. जिंकून परतताना संघाने फॉक्सफर्ड गावात एका अंत्ययात्रेचा मान राखला नाही म्हणून शाप लागला, अशी दंतकथा आहे, आणि ती प्रत्येक पोराला पाढ्यांआधी पाठ होते. मोठा सामना असला की त्या शुक्रवारी गणवेशाला सुट्टी, सगळी शाळा हिरव्या-लाल जर्सीत.

इतिहास इथे बराचसा पायाखालचा शिकवतात. ग्रॉन्या वेल ही क्लू उपसागरातली दर्यावर्दी सरदारीण, गलबतं बाळगून होती. १५९३ साली थेट लंडनला जाऊन एलिझाबेथ राणीला भेटली. आमच्या घरी सध्या आंघोळीच्या टबात तीच असते. थोरल्यांच्या खोलीत १८४५चा बटाट्यावरचा रोग आणि त्यानंतरचा दुष्काळ शिकतात. देशात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच बोटीत बसून गेली. पण टीचर पुस्तक मिटतात आणि खिडकीतून समोरचा डोंगर दाखवतात. सूर्य कलला की उतारावर उभ्या ओळी उठून दिसतात. ते बटाट्याचे वाफे. काढायला माणूस उरलं नाही, म्हणून तसेच राहिले. सहल जाते डूलोखच्या खोऱ्यात. १८४९च्या मार्चमध्ये लुईसबर्गची उपाशी माणसं मदतीसाठी त्या वाटेने चालत गेली, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं, आणि कित्येक वाटेतच पडली. तिथल्या स्मारकावर, सुमे, आपल्या गांधीजींचं वाक्य कोरलेलं आहे. मी दोनदा वाचलं. अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांनी, ज्यांना स्वतःच्या भूमीतून हुसकलं होतं त्यांनी, १८४७ साली आयर्लंडसाठी १७० डॉलर गोळा करून धाडले. ते इथलं शेंबडं पोरही जाणतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. १९३७ ते १९३९ या काळात इथल्या लोकसाहित्य आयोगाने शाळांना एक काम दिलं. पाचवी-सहावीच्या मुलांनी घरी जायचं, आजीआजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि ते सांगतील ते वहीत उतरवायचं. निबंधाच्या ऐवजी हेच. २६ काउंट्या, सुमारे ५ हजार शाळा, सुमारे ५० हजार मुलं. पाऊस कसा ओळखायचा, लोणी कसं काढायचं, कुठल्या विहिरीच्या पाण्याने डोळे बरे होतात, पुरलेलं धन कुठे आहे, शेतांची नावं, पऱ्यांच्या टेकाडावरचं झाड का तोडायचं नाही, सगळं. त्या वह्या डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत आणि आता 'डुखस' नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही पानं उलटता येतात, शाळावार.

आमच्या मुख्याध्यापिकेने आपल्याच शाळेची पानं छापून आणली. टाक-दौतीचं वळणदार अक्षर, मध्येच शाईचा डाग. पानाखाली सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव. एका पानावर डांग्या खोकल्यावर उपाय: पोराला गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढायचं. वर्ग हसून लोळला. मग सहावीतला एक मुलगा एकदम गप्प झाला. त्या पानावरचं आडनाव त्याचंच होतं, आणि घराचा पत्ताही. वही लिहिणारे त्याचे पणजोबा निघाले, तेव्हा त्याच्याच वयाचे. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा काठी टेकत शाळेत आले नि म्हणाले, माझ्या वडिलांचं अक्षर बघायला आलोय. टीचरनी त्यांना मुलांच्या खुर्चीत बसवलं आणि अख्खी दुपार ते बोलत होते. गणिताचा तास बुडाला. कुणी तक्रार केली नाही.

आता मुलं पुढची वही लिहिताहेत, आजच्या म्हाताऱ्यांना विचारून. थोरलीने माझ्या आईला व्हिडिओ कॉल करून विचारलं, "आजी, पाऊस येणार कसं कळतं?" आईने मुंग्यांची अंडी तोंडात धरून चाललेली रांग, टिटवीने अंडी कुठे घातली ते, असं काय काय सांगितलं. ते सगळं मेयोच्या वहीत, इंग्रजीत, पानाखाली आईच्या नावगावासकट. मला फार बरं वाटलं. आणि लगेच वाटलं, आपल्या गावात हे कुणी विचारून ठेवलंय का?

सगळं गोडच आहे असं समजू नकोस. दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या, पगार मात्र सरकारचा. थोरलीचा वर्ग म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीचं वर्ष. मेमध्ये समारंभ आहे, वर्गाचा निम्मा जीव त्यातच. धर्माच्या तासाला न बसण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, पण खोली एकच, म्हणजे ती मागच्या बाकावर चित्र काढत सगळं ऐकतेच. तिला सगळ्या प्रार्थना येतात. पांढरा झगा आणि नातलगांची पैशांची पाकिटं आपल्यालाही हवीत असा हट्ट चालू आहे. हे त्या शाळेचं खोडसाळपण नाही, सगळी माणसं चांगलीच आहेत, पण व्यवस्थाच अशी की आम्ही सतत 'ते नसलेले' ठरतो, आणि ते मला टोचतं. दिवाळी कधीकधी ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनच्या सुट्टीत सापडते, तेव्हा तीही शाळा उघडल्यावर शिळी साजरी होते. मातीच्या पणत्या मात्र इन्फंट्सनी झकास केल्या.

तर काम असं. तुझ्या पाटणच्या पोरांना एकेक वही दे. आजीला विचारा म्हणावं: ओव्या, डांग्या खोकल्याचे उपाय, शेतांची नावं, धरणाखाली गेलेल्या गावांतले सण. खाली सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव हवंच, ते विसरायचं नाही. चार पानांचे फोटो मला पाठव, मी इंग्रजी करून इथे देते. मुख्याध्यापिका तयार आहेत. बदल्यात इथल्या मुलांनी तुझ्या वर्गाला प्रश्न पाठवलेत, ते जसेच्या तसे लिहिते. तुमच्या म्हशींना नावं असतात का? पावसात मधली सुट्टी आत असते की बाहेर? तुमची टीचर रागावते का? तुमच्या गावात शाप आहे का, आणि असला तर कुणी दिला?

तिसऱ्याचं उत्तर पोरांनाच लिहू दे, तू मध्ये पडू नकोस.

दादांना नि काकूंना नमस्कार.

तुझी,
वंदी