तांदळाच्या डब्यातलं कात्रण

आणीबाणीत बाबा मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा मी दहा वर्षांची. खटला नाही, सुटकेची तारीख नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, त्यामुळे किती माणसं आत आहेत हेही छापून येत नसे. अशात एका संध्याकाळी कुणीतरी आईच्या हातात कात्रण ठेवलं: १५ ऑगस्ट १९७५ च्या लंडनच्या ‘टाइम्स’मधली जाहिरात. अटकेतल्या विरोधी नेत्याला, जयप्रकाश नारायणांना सोडा, भारतातल्या लोकशाहीचा दिवा विझू देऊ नका, असं त्यात होतं. आईला इंग्रजी जेमतेम यायचं. शेजारच्या मास्तरांकडून तिने ते दोनदा वाचून घेतलं आणि तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवलं. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठेपर्यंत तो डबा तिने आम्हा भावंडांना उघडू दिला नाही.

त्या जाहिरातीसाठी पैसे जमवणाऱ्या, लंडन-वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर फलक धरून उभं राहिलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचेही आईवडील इथेच होते, तरी तुम्ही बोललात. काहींचे पासपोर्ट सरकारने रद्द केले, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आणि ते कात्रण देऊन, नाव न सांगता जिना उतरून गेलेल्या तुमचेही आभार. आईने चहाचं आधण ठेवलं होतं.