‘कितीही थंडीत अचूक’ कसं काय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तारेच्या, थर्मामीटरची चौकट आलेली, हेडिंग ‘कितीही थंडीत अचूक’. त्या ‘कितीही’ला माझी हरकत आहे. मी तासगाव तालुक्यात गायी-म्हशी भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं काम करतो, वीर्याच्या कांड्या ठेवायचा पातळ नायट्रोजनचा कंटेनर गाडीला बांधूनच फिरतो, म्हणजे मायनस 196 डिग्री रोज माझ्या पाठीमागं बसलेली असते.

पोरगा इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, त्यानं सांगितलं ते असं. फायबरच्या काचेत बारीक रेघा पाडतात, ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात त्याला, त्या एका ठराविक रंगाचाच उजेड परत फेकतात आणि काच गरम-गार झाली की तो रंग जरासा सरकतो, त्यावरून डिग्री काढायची. आपल्या नेहमीच्या हवेत एका डिग्रीला साधारण 10 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग) सरकतो. पण गार करत गेलं की काचेवर तापमानाचा परिणामच कमी होत जातो, नायट्रोजनमध्ये हे सरकणं बरंच कमी आणि पातळ हेलियमच्या मायनस 269 ला जवळजवळ शून्य! म्हणजे ऐन थंडीतच तार बधिर. म्हणून तिच्यावर शिसं, अ‍ॅल्युमिनियम नाहीतर प्लॅस्टिकचा थर देतात, तो आकसताना काचेला पण ओढतो. हे चौकटीत कुठंच नव्हतं. बाकी कौतुक खरं आहे, तारेत करंट नसतो, मोठ्या चुंबकाजवळ पण आकडा बिघडत नाही आणि तांब्याच्या वायरसारखी बाहेरची उष्णता आत जात नाही.

आता माझ्या मतलबाचं. कंटेनरच्या नुसत्या तळाचं तापमान बघून काही कळत नाही, बोटभर नायट्रोजन उरलं तरी तळ मायनस 196 च दाखवणार आणि वर कांड्या तापायला लागलेल्या. आम्ही पट्टी बुडवून बाहेर काढतो आणि पांढरं दव कुठवर चढलं ते बघतो, बास. एका उन्हाळ्यात माझ्याकडून ते बघायचं राहिलं, आणि कळलं कधी तर एकवीस दिवसांनी एकेक गाय उलटायला, म्हणजे गाभण न राहता परत माजावर यायला लागली तेव्हा. लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही पण फोन यायचे कमी झाले.

एकाच फायबरवर तळापासून मानेपर्यंत आठ-दहा ठिकाणी रेघा पाडता येतात, तसं केलं तर नायट्रोजन किती उतरलंय ते झाकण न काढता दिसेल. फक्त पातळीच्या लगेच वरची वाफ पण गारच असते, म्हणून तिथं थर दिलेलीच तार पाहिजे. आणि तो रंग वाचणारं मशीन लाखांत जातं, माझ्या कंटेनरपेक्षा कितीतरी महाग, म्हणजे झालं तर आधी मोठ्या साठ्याच्या टाक्यांना होईल. चौकटीत किंमत पण छापायला पाहिजे होती.

आपला,
एक पशुसेवक, ता. तासगाव, जि. सांगली