काका, गाडी हाती लागली

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून चारचौघांसमोर लिहितोय. शिवाय इकडे इंग्लंडात आणखी कुणी मराठी माणूस जुनी फोर-स्ट्रोक ट्रायल्स मोटरसायकल शोधत असेल, तर तुम्ही मला शिकवलंत ते त्याच्याही उपयोगी पडेल.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रायल्समध्ये वेगाला काही किंमत नाही. ओढ्यातले दगड, चिखलाची चढण, झाडांची मुळं यांतून आखलेल्या छोट्या सेक्शनमधून पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, त्याहून जास्त टेकला की ३ आणि सेक्शन पार झालाच नाही तर ५. कमी गुणांचा जिंकतो. म्हणून चालण्याच्या वेगातही न गुदमरता ओढणारं इंजिन लागतं, आणि जड फ्लायव्हीलची (इंजिनाची गती टिकवणाऱ्या चाकाची) जुनी फोर-स्ट्रोक ओल्या दगडावरून संथ ठोके टाकत चढते ते बघत राहावंसं वाटतं.

मी तुमच्याकडे आलो तो बुलेट घ्यायची हे ठरवूनच. घरी बाबांची बुलेट, उजव्या पायाच्या गिअरची. त्यात जॉनी ब्रिटनने रॉयल एन्फिल्डवर १९५२ आणि १९५७ साली स्कॉटिश सिक्स डेज ही सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा जिंकल्याचं वाचलेलं. तुम्ही बुलेटला एका शब्दानेही नावं ठेवली नाहीत. "चांगलीच आहे गाडी. पण आधी बाकीच्यांवर बस, मग बोलू," एवढंच म्हणालात. आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून गाड्या मागून आणल्यात, सगळ्या त्याच एका ओढ्यात, त्याच वळणावर चालवायला लावल्यात. लोक स्वतःची जपलेली गाडी नवख्याच्या हातात देतात ती मधल्या माणसाच्या शब्दावर. तो शब्द तुमचा होता, हे मी विसरणार नाही.

त्या ओढ्यात जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. एरियल एचटी-५ म्हणजे ४९७ सीसीचा राजा. ट्रायल्सचा नामांकित खेळाडू सॅमी मिलर १९६४ पर्यंत हिच्यावरच जिंकत होता, नंतर तो बुल्टाकोच्या टू-स्ट्रोककडे गेला आणि या मोठ्या गाड्यांचा काळ सरला. चढणीवर एरियल मागे बघत नाही, पण दगडात तोल गेला की तिला सावरायला माझ्या अंगात बळ पुरत नाही. शिवाय किंमत ऐकून मी हात जोडले. ३४६ सीसीच्या बुलेटचंही वजन तसंच जाणवलं. ट्रायम्फ टायगर कब १९९ सीसीची, पोरासारखी हलकी, वळणात कुठेही वळते. माझ्या उंचीला मात्र ती लहान पडली, उभं राहून चालवताना पाठ वाकायची. होंडा टीएल-१२५ पहिल्या किकला चालू, तेलाचा थेंब गळत नाही. पण ती सत्तरच्या दशकातली, प्री-६५ वर्गात, म्हणजे १९६५ च्या आधीच्या गाड्यांच्या वर्गात, बसत नाही, आणि मला उतरायचं होतं त्याच वर्गात.

राहिली बीएसए सी-१५. २४७ सीसी, वजन मधलं, सुटे भाग अजून सहज मिळणारे. तिच्यावर उभा राहिलो आणि गुडघे आपोआप जागेवर आले. तुम्ही काठावरून काहीच बोलला नाहीत, नुसती मान हलवलीत.

खरी विद्या पुढे दिलीत. विकायला असलेली सी-१५ बघायला गेलो तेव्हा रंगाकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. मागचं चाक दोन्ही हातांत धरून आडवं हलवलंत, स्विंगिंग आर्मचे बुश किती खाल्लेत ते बघायला. चेसिस आणि इंजिनचे नंबर पुसून, बोट फिरवून वाचलेत. मग इंजिन चालू करून तेलाच्या टाकीचं झाकण उघडलंत आणि मला आत बघायला सांगितलंत: परतीच्या नळीतून तेल येतंय का? पंप परतीचं तेल ओढतोय एवढं त्यावरून कळतं, बिग एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचं) नाही, हेही तिथेच समजावलंत. टायमिंग बाजूचा बुश झिजला की बिग एंडला तेल कमी पोचतं आणि इंजिन एक दिवस दगा देतं, म्हणून त्या खर्चाचे पैसे आधीच बाजूला काढायला लावलेत. विकणाऱ्याला तुम्ही भाव पाडायचा म्हणून एकही खोटी खोट दाखवली नाहीत. तो माणूस जाताना तुमचा हात धरून बोलत होता.

आता गाडी माझ्या शेडमध्ये आहे. इंजिन उघडलं, बुश बदलला, तुम्ही दिलेल्या रीमरनेच (भोक नेमक्या मापात करायच्या हत्याराने) तो मापात आणला. बुलेटचं प्रेम कमी झालेलं नाही. ती रस्त्यावर चालवायला घेईन, हे तुम्हीच सुचवलंत आणि तेच बरोबर आहे.

काकूंनाही नमस्कार सांगा. वर्कशॉपमध्ये तासन्‌तास उभं राहणाऱ्या आपल्या दोघांना त्यांनी वेळेवर पोहे दिले, त्याचेही आभार. रीमर साफ करून तेल लावून ठेवलाय, रविवारी आणून देतो. येताना गाडीही आणतोय, एकदा तुम्ही चालवून बघा. क्लच अजून जरा ओढतोय, तो तुमच्या हाताखाली लावायचा आहे.

तुमचा,
शेजारच्या गावचा पुतण्या