आईच्या सलाईनमधल्या औषधाबद्दल

सुइता, ओसाका
मंगळवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई, तू विचारलंस, “ते औषध माझी सगळी प्रतिकारशक्ती मारून टाकणार ना?” मी घाईत “नाही गं” म्हटलं आणि जेवणाचं विचारलं. ज्या विषयात मी रोज दहा तास बुडालेली असते, तोच तुला धड सांगितला नाही, हे तेव्हापासून खुपतंय. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा.

तुझ्या आमवातात आयएल-६ नावाच्या एका छोट्या प्रथिनाचा मोठा हात आहे. ते मुळात वाईट नाही. जखम झाली, जंतू शिरला की पेशी ते रक्तात सोडतात. तो निरोप मिळाला की यकृत आणि पांढऱ्या पेशी तयारीला लागतात, ताप चढतो. तुझ्या अंगात हा निरोप थांबतच नाही. पहाटे तो सगळ्यात जोरात असतो. म्हणून सकाळी तुला वेणी घालता येत नाही आणि अकरानंतर त्याच बोटांनी तू भाकऱ्या थापतेस. “ही नाटकं करते का” असं तुला ऐकवणाऱ्यांना हे एकदा सांग.

निरोप घेणारा तो रिसेप्टर. पेशीच्या बाहेर त्याचे तीन तुकडे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कोपरासारखा बाक असतो. आयएल-६ नेमकं तिथे येऊन टेकतं. तेवढ्याने भागत नाही, जीपी १३० नावाचं आणखी एक प्रथिन लागतं. दोन आयएल-६, दोन रिसेप्टर, दोन जीपी १३० असे सहा जण एकमेकांत गुंतले की मगच निरोप पेशीच्या आत जातो. या सहांची पूर्ण रचना २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीने दाखवली, ३.६५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने. बाबा, तुमचा मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवायचा. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

तुला देणार आहेत ते टोसिलिझुमॅब ही एक अँटिबॉडी आहे, म्हणजे शरीर जंतूंना पकडायला बनवतं तसलं प्रथिन, वाय अक्षराच्या आकाराचं. तिच्या प्रत्येक हाताच्या टोकाला सहा बारीक वळसे असतात, पकड त्यांची. हे वळसे मूळ उंदराच्या अँटिबॉडीतून घेतलेत, बाकी अंग माणसाच्या अँटिबॉडीचं, म्हणजे शरीराने तिला परकी समजून हाकलू नये. ती रिसेप्टरवर अशी बसते की आयएल-६ ला टेकायला जागाच उरत नाही. बाबा, भोकात आधीच एक पिन ठोकलेली असेल तर दुसरी कशी बसणार, तसंच. रिसेप्टर मोडत नाही, पेशी मरत नाही. बाकीचे निरोप चालूच राहतात. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे: प्रतिकारशक्तीचा एक रस्ता बंद होतो, सगळे नाही.

हे रिसेप्टर पेशीवरून सुटून रक्तातही फिरतात. सांध्यातल्या ज्या पेशींवर ते मुळात नसतात त्यांनाही आयएल-६ घेऊन जाऊन बिलगतात, कारण जीपी १३० जवळपास सगळ्याच पेशींवर असतं. औषध या फिरत्यांनाही अडवतं. म्हणून पुढे कुणी आयएल-६ ची तपासणी केलीच, तर आकडा वाढलेला दिसेल. घाबरू नका. ते उचलून नेणारी वाट अडली, म्हणून रक्तात साचतं.

मी इथे रिसेप्टर आणि अँटिबॉडीच्या असल्याच जोड्या बघते. तीन मिलिमीटरच्या जाळीवर थेंबभर द्रावण ठेवून ते द्रवरूप इथेनमध्ये बुडवायचं, बर्फ काचेसारखा होतो, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून लाखो धूसर ठिपके गोळा करून त्यांतून एक आकार काढायचा. एकटा रिसेप्टर इतका लहान की ठिपक्यांत हरवतो. अँटिबॉडीचा हात त्याला धरून असला की दिसायला लागतो. पहिल्यांदा तो आकार पडद्यावर उभा राहिला तेव्हा मला तुझं सुजलेलं मनगट आठवलं.

आणि इथल्याच ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये आयएल-६ चं जनुक शोधलं, दोन वर्षांनी किशिमोतोंच्याच गटाने रिसेप्टरचंही. जपानमध्ये हे औषध आमवातासाठी २००८ पासून देतात.

आता काळजी कुठे घ्यायची ते. यकृत सीआरपी, म्हणजे अंगातली सूज रक्ताच्या तपासणीत दाखवणारं प्रथिन, बनवतं ते आयएल-६ च्या सांगण्यावरून. तो निरोपच अडला की सीआरपी खाली येतो आणि खाली राहतो, आत जंतुसंसर्ग असला तरी. कधी कधी तापही येत नाही. त्यामुळे “ताप नाही, रिपोर्ट चांगला आहे” म्हणून खोकला, लघवीची जळजळ, पायाची जखम अंगावर काढायची नाही. पोटात जोरात दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना. क्वचित आतड्याला भोक पडू शकतं. टीबीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाल्याशिवाय पहिली बाटली लावून घेऊ नका. हिपॅटायटिस बी चं पण विचारा. नंतर पांढऱ्या पेशी, यकृत, कोलेस्टेरॉल यांचे रिपोर्ट वेळेवर, कागद बाबांच्या निळ्या फाइलमध्ये. आमवाताची आठवड्याची गोळी आठवड्यातून एकदाच, तारीख कॅलेंडरवर लिहून.

दर चार आठवड्यांनी तासभर सलाईन. औषधाची कुपी दुकानातून घरी आणावी लागली तर बर्फाच्या डब्यात आणा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, वरच्या बर्फात नाही. गोठली की वाया जाते.

शुक्रवारी सुई डाव्या हाताला लावायला सांग, उजवं मनगट दुखतंय ना. बाबा, बाटली चढेपर्यंत तिच्याजवळच बसा. ती एकटी असली की पंख्याकडे बघत बसते. झालं की किती का वाजेनात, मला फोन करा, मी जागीच असेन.

तुमची,
मनू