कालवड सांभाळायच्या खर्चाचं कोण बोलणार?

मा. संपादक साहेब,

दूधदरावर तुमच्या पेपरात बातम्या येतात, यायलाच पाहिजेत, पण गोठ्यातल्या कालवडीवर कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझ्याकडं पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गाया आहेत. आम्हाला सगळे सांगतात जात सुधारा, सेक्स सॉर्टेड सीमेन (मादी वासरंच व्हावीत म्हणून निवडलेलं वीर्य) वापरा, दहात नऊ कालवडी होतात. खरं आहे, होतात, आणि गोऱ्हा झाला तर २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून त्याला गिऱ्हाईकच उरलं नाही, म्हणून आम्ही जास्तीचे पैसे देऊन तेच भरवतो. पण कालवड झाल्यावर पुढं काय?

पहिलं वेत व्हायला चांगली सांभाळली तरी २७-२८ महिने लागतात. तेवढे दिवस पेंड, मुरघास, जंतांचं औषध, डॉक्टर सगळं खिशातून आणि दूध एक थेंब नाही. मागच्या वर्षी माझी कालवड तीनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, दर वेळी परत माजावर यायची २१ दिवस वाट बघायची, म्हणजे दोन महिने नुसतं खाणं. शेवटी गावातले निम्मे लोक काय करतात तर सहा-सात महिन्यांची झाली की व्यापाऱ्याला देऊन टाकतात आणि नंतर कर्ज काढून लोणीच्या बाजारातून दुसऱ्याची गाय आणतात, जिच्या आईनं किती दूध दिलं तेही माहीत नसतं. घरची सुधारलेली जात घराबाहेर जाते ती अशी.

सरकारनं २०२४ मध्ये आधी लिटरमागं ५ आणि मग ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिलं, त्याचा आधार झाला, नाही म्हणत नाही. पण ते लिटरवर होतं, कालवडीला त्यातलं काय मिळणार? किसान क्रेडिट कार्ड पशुपालनाला लागू झालं म्हणून बँकेत गेलो तर दुभती जनावरं किती एवढंच विचारलं, कालवडी मोजल्याच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की कानात बिल्ला असलेल्या घरच्या कालवडीवर कर्ज द्या आणि हप्ता ती व्याल्यावर, दूध सुरू झाल्यावर चालू करा. आत्ता माझ्या गोठ्यात सात महिन्यांची एक आहे, आई दिवसाला २२ लिटर देते, व्यापारी दोनदा येऊन गेलाय आणि पेंडेची उधारी थकलीय.

- एक दूध उत्पादक, ता. संगमनेर