कापडाचे तुकडे द्या, पण लेबलासकट

मिश्र धाग्यांचं कापड रंगवणाऱ्यांसाठी आमचा रंगकाम गट एक छटावही तयार करतो आहे. सुती-लिनन, सुती-ताग, लिनन-व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) अशा प्रत्येक जोडीचं एक पान: रंगवलेला तुकडा, शेजारी कोरा तुकडा आणि खाली कृती. वही कुणालाही पाहायला खुली असेल. ती भरायला तुमची मदत हवी आहे.

सगळे वनस्पतीजन्य धागे सेल्युलोजचेच, म्हणजे वनस्पतींच्या त्याच मूळ घटकाचे, मग रंगवायला वेगळं काय, असा प्रश्न नेहमी येतो. पण एकाच भांड्यातून काढलेल्या कापडात सुती ताणा (उभे धागे) गडद आणि लिननचा बाणा (आडवे धागे) फिकट निघू शकतो. कापड तिरकं धरलं की दोन्ही छटा दिसतात. हे देखणंही असतं म्हणा. मात्र सदऱ्याची पाठ एका थानातली आणि बाही दुसऱ्यातली असली की पंचाईत होते. लिननमध्ये पेक्टिन (वनस्पतीतलं चिकट द्रव्य) आणि मेण राहून गेलं, तर रंग आत शिरायला वेळ लागतो. म्हणून रंगवण्याआधी धुण्याच्या सोड्यात नीट उकळून घ्यावं लागतं. तागात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, असतं, शिवाय त्याची मूळची सोनेरी-तपकिरी झाक फिक्या निळ्याला हिरवट करून टाकते. व्हिस्कोज रंग भराभर पितं, पण ओलं असताना त्याचा जोर कमी होतो. ते पिळायचं नाही.

१९५६ साली बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग सोड्याच्या साहाय्याने सेल्युलोजशी पक्के जोडले जातात. हिरडा-तुरटी देऊन वनस्पतीजन्य रंगही चढवता येतात. वहीत दोन्ही पद्धती असतील.

तुकडा वीतभर असला तरी चालेल, वापरलेलाही चालेल. आमचा आग्रह एकच, धाग्यांचं प्रमाण सांगणारं लेबल सोबत हवं. धागा जाळून पाहिला तर पॉलिएस्टर ओळखू येतं, कारण ते वितळून त्याचा कडक मणी होतो. सुती आणि लिनन मात्र दोन्ही जळक्या कागदासारखेच वास देतात. लेबल नसलेल्या तुकड्याचं पान उद्या कुणाच्या कामाचं? पॉलिएस्टर मिसळलेलं कापड कृपया देऊ नका.

स्टीलची मोठी पातेली आणि ग्रॅमचा दशांश दाखवणारा वजनकाटाही हवा आहे, कारण रंगाचं प्रमाण कोरड्या कापडाच्या वजनावर ठरतं. लोखंडी भांडी नकोत, त्यांनी छटा काळवंडते. दिलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरता येणार नाही, हे घरात आधी विचारून घ्या!

रोख मदत रंग, सोडा आणि उरलेल्या रंगाच्या पाण्याची योग्य विल्हेवाट यांसाठी खर्च होईल. रक्कम कितीही असो, पावती मिळेल. वेळ देऊ शकणाऱ्यांनी उकळणं, धुणं आणि नोंदी लिहिणं यांपैकी काय जमेल ते कळवावं. नोंदी लिहायला सुवाच्य अक्षर असलेली माणसं आधी हवीत.