नव्या तुकडीचा कागद

कोलंबस, ओहायो

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल ऑफिसात विद्यार्थी मदतनीस म्हणून घेतलं, हे सांगितलंस आणि त्याच दमात विचारलंस, की डिसेंबरात कॉलेजकडून खेळायला सह्या करणाऱ्या शाळकरी मुलांची तुकडी चांगली की वाईट हे ठरवायचं कशावरून. फोनवर हे सांगून पुरं होणार नाही, म्हणून लिहितोय.

आधी ताऱ्यांचं बोलू, कारण ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी तेच असणार. शाळकरी खेळाडूंना तारे देणारी २४७ स्पोर्ट्स ही वेबसाइट दरवर्षी साधारण ३२ मुलांना पाच तारे देते. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या सोहळ्यात) पहिल्या फेरीत ३२ जण निवडले जातात, त्यावरून हा आकडा आलाय. चार ताऱ्यांची मुलं तीनशेच्या वर असतात आणि तीन ताऱ्यांची हजाराच्या वर. कोणीतरी तुला हमखास सांगेल की एनएफएलमध्ये तीन तारेवालेच जास्त दिसतात, तेव्हा ताऱ्यांना काही अर्थ नाही. हा हिशेब चुकीचा आहे. ते जास्त दिसतात कारण मुळात तेच जास्त असतात. शंभर पाच तारेवाल्यांतले किती पोचले आणि शंभर तीन तारेवाल्यांतले किती, असं विचारलं की तारे खरे ठरतात. बड एलियट या पत्रकाराचं ‘ब्लू-चिप रेशो’ नावाचं साधं माप आहे: मागच्या चार तुकड्यांत चार आणि पाच तारेवाल्यांची संख्या निम्म्याहून जास्त आहे का? २०११ ते २०२४ या हंगामांतला एकही राष्ट्रीय विजेता या रेषेच्या खाली नव्हता. म्हणून तारे बाजूला सारू नकोस.

पण तारा हा एका मुलाबद्दलचा अंदाज आहे आणि तुला तुकडी मोजायची आहे. संघांची क्रमवारी काढण्याच्या सूत्रात सर्वांत वरच्या मुलांना जास्त वजन मिळतं आणि खाली जाऊ तसं ते कमी होत जातं. त्या सूत्राला हे कळत नाही की या संघानं सहा रिसीव्हर (चेंडू झेलणारे) घेतले आणि टॅकल (पुढच्या फळीत कडेला उभा राहून अडवणारा) एकही नाही. टेक्सस ए अँड एमची २०२२ ची तुकडी त्या सूत्रात तोवरची सर्वांत वरची होती. त्याच वर्षी संघानं पाच सामने जिंकले, सात हरले आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं. तुकडीतले कितीतरी जण दुसऱ्या कॉलेजांत गेले. मुलं ओळखण्यात चूक झाली होती का? त्याच तुकडीतले वॉल्टर नोलन आणि शेमार स्टुअर्ट २०२५ च्या ड्राफ्टमध्ये लागोपाठ, सोळावे आणि सतरावे निवडले गेले. नोलन तोपर्यंत ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात गेला होता. म्हणजे पारख बरोबर होती. नंतरची मशागत आणि मुलं टिकवणं, तिथे गणित बिघडलं. निवड आणि घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कागदावर दोन्हींसाठी वेगवेगळी जागा ठेव.

आता व्हिडिओ. हडल या व्हिडिओच्या साइटवर मुलांनी चढवलेली चार मिनिटांची फीत म्हणजे त्यांच्या वर्षातले सर्वांत चांगले तीस-चाळीस क्षण. त्यातून फक्त वरची मर्यादा कळते, रोजचा खेळ कळत नाही. शाळेच्या प्रशिक्षकाकडून पूर्ण सामने माग, निदान तीन: सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, हरलेला आणि हंगामाच्या शेवटचा. हरलेल्या सामन्यातलं चौथं सत्र सावकाश बघ. चेंडू दुसऱ्या बाजूला गेल्यावर मुलगा काय करतो? लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) दमला की आधी पाय थांबतात आणि मग हात समोरच्याच्या खांद्याबाहेर जाऊन पकडायला लागतात. ते कितव्या मिनिटाला सुरू झालं, लिहून ठेव. समोर कोण आहे तेही बघ. टेक्ससच्या ६ए या सर्वांत मोठ्या शाळांच्या गटात समोरचा मुलगाही कॉलेजला खेळायला जाणार असतो. लहान गावात २६० पाउंडांचा मुलगा १७० पाउंडांच्या मुलाला उचलून आपटतो, त्यावरून काही ठरत नाही. लहान गावच्या मुलाला कमी लेखू नकोस, फक्त त्याच्यासाठी दुसरा पुरावा शोध: बास्केटबॉलचा व्हिडिओ, कुस्तीचे निकाल, १२ पाउंडांचा गोळा ५० फुटांच्या पुढे गेला का. ब्रँडन शेर्फ हा आयोवातल्या डेनिसन गावचा मुलगा शाळेत टेनिस खेळायचा. एवढ्या अंगाचा मुलगा कोर्टवर बाजू बदलत पळतो, ही पावलांची मोठी साक्ष आहे. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये तो पाचवा निवडला गेला.

सेव्हन-ऑन-सेव्हनच्या, म्हणजे सात-सात जणांच्या फक्त फेकाफेकीच्या सामन्यांच्या व्हिडिओवर रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) फार देखणे दिसतात. तिथे अंगावर धावून येणारा कोणी नसतो, पॅड नसतात. क्वार्टरबॅकचे डोळे दडपणाखाली खाली जातात का, रिसीव्हर ब्लॉक करतो का, सुरुवातीलाच छातीला हात लावून अडवलं तर सुटतो का, यातलं काहीच तिथे कळत नाही.

कागदावरच्या मापांवर विश्वास ठेवू नकोस. ६ फूट ४ इंच लिहिलेला मुलगा कॅम्पला उभा केला की पुष्कळदा दीड-दोन इंचांनी कमी भरतो. स्टॉपवॉच हातात धरून घेतलेली ४० यार्डांची वेळ यंत्रावरच्या वेळेपेक्षा साधारण दोन दशांश सेकंदानं वेगवान दाखवते, कारण माणूस मुलगा हलल्यावर बटण दाबतो. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे कोणी, कुठे आणि कशानं मोजलं ते लिही. मैदानी स्पर्धेतली १०० मीटरची यंत्रावरची वेळ मला जास्त भरवशाची वाटते. कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) ११ सेकंदांच्या आत धावत असेल तर वेगाची चिंता मिटली. मग तो वळताना कंबर किती पटकन फिरवतो तेवढंच बघायचं उरतं.

टॅकलवर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, टॅकलचे सतराव्या वर्षीही पूर्ण दिसत नाहीत. वजन बघू नकोस, बांधा बघ: खांद्यांची रुंदी, मनगट, घोटे, पावलांचा आकार आणि आई-वडिलांची, भावंडांची उंची. ३३ इंचांच्या पुढचा हात सोन्याचा. हात आखूड असेल तर उत्तम पायांचा मुलगाही बाहेरून आत, गार्डच्या जागेवर सरकतो. त्यात वाईट काही नाही, पण तो टॅकल म्हणून मोजायचा नाही. २५५ पाउंडांचा, हाडापेरानं मोठा, कमरेला चरबी नसलेला मुलगा ३२० पाउंडांच्या पोट सुटलेल्या मुलापेक्षा मी आधी घेईन. पहिल्याला भरायला जागा आहे. दुसऱ्याला आधी उतरवावं लागतं आणि मग पुन्हा चढवावं लागतं, त्यात दीड वर्ष जातं. एक गोष्ट मात्र व्हिडिओ थांबवून बघच: मुलगा गुडघ्यातून बसतो की कमरेतून ओणवतो? कबड्डीत बचावाला उभी राहणारी बसक आठव. कमरेतून ओणवणाऱ्याचा तोल पुढे जातो, कॉलेजचा एंड (बचावाच्या फळीत कडेला खेळणारा) त्याला एका हातानं खाली ओढतो. घोटे आणि कंबर यांची लवचिकता थोडीफार वाढवता येते, पण मूळचाच ताठ मुलगा मऊ होत नाही.

लेन जॉन्सन ज्युनिअर कॉलेजात (तिकडचं दोन वर्षांचं कॉलेज) क्वार्टरबॅक होता. ओक्लाहोमात तो टाइट एंड (फळीशेजारी उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही), मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल झाला, आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये चौथा गेला. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनला टाइट एंड होता. विस्कॉन्सिनला वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना आला आणि डिफेन्सिव्ह एंड झाला. अशी मुलं ओळखायची तर ‘आज कुठे खेळतो’ या रकान्याशेजारी ‘तीन वर्षांनी कुठे खेळेल’ असा रकाना हवा. सेफ्टी (बचावात सर्वांत मागे खेळणारा) वाढून लाइनबॅकर (बचावाच्या फळीमागचा) होतो, एंड वाढून बचावाच्या फळीतला आतला टॅकल होतो. उलट दिशेनं क्वचितच कोणी जातं.

तुकडी मोजायला एक मोठा कागद घे. डाव्या बाजूला जागा लिही, वर वर्षं, आणि चौकटींत सध्याच्या खेळाडूंची नावं. भोकं लगेच दिसतील. ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे टॅकल-गार्डच्या अडवणाऱ्या फळीचे दरवर्षी चार ते पाच हवेत, कारण पाच जण एकदम खेळतात, त्यांना तयार व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि दुखापती आहेतच. क्वार्टरबॅक दरवर्षी एक. एखाद्या वर्षी लाइनमध्ये दोनच घेतले तर त्या वर्षी कोणाच्या लक्षातही येत नाही. भोक तिसऱ्या वर्षी उघडं पडतं आणि मग ते ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) महागात बुजवावं लागतं. २०२५ पासून हाउस खटल्यातल्या (कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याबद्दलचा खटला) तडजोडीमुळे त्यात सामील कॉलेजांना संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवता येतात. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या असायच्या आणि वर वॉक-ऑनची मोठी फळी. ती फळी आटल्यामुळे कच्च्या मुलाला तीन वर्षं सांभाळायला जागा कमी उरली आहे. वॉटसारखा मुलगा आज दारातून आत येईल का, ही मला खरीच काळजी वाटते.

गुणपत्रक पहिल्याच दिवशी माग. कॉलेजात खेळायला १६ मुख्य विषय आणि त्यांत ४ पैकी २.३ ची सरासरी लागते आणि त्यांतले १० विषय शाळेच्या शेवटच्या वर्षाआधी पुरे व्हायला हवेत. ऑक्टोबरात हे उघडकीला आलं तर कोणाच्याच हातात काही राहत नाही.

आता मुलं आल्यावरचं. डिसेंबरात शाळा संपवून जानेवारीत येणाऱ्याला वसंतातले १५ सराव मिळतात. लाइनमन आणि क्वार्टरबॅकला त्याचा खरा उपयोग होतो. वजन वाढवायचं तर आठवड्याला फार तर अर्धा पाउंड, वर्षाला १५ ते २५. याहून घाईनं चढवलेलं वजन पोटावर बसतं, घोटे आणि गुडघे कुरकुरतात आणि ज्या पावलांसाठी मुलगा घेतला तीच मंदावतात. २६५ पाउंडांच्या मुलाला दिवसाला २०० ते २५० ग्रॅम प्रथिनं लागतात, तीही चार-पाच जेवणांत विभागून. बिघडतं ते सकाळी. सहाचा व्यायाम, आठचा वर्ग आणि मधे काहीच खाल्लेलं नाही. वजन का वाढत नाही असं प्रशिक्षक विचारतील तेव्हा आधी त्याचं वर्गांचं वेळापत्रक काढून बघ. पहिल्या उन्हाळ्यात नव्या मुलांना जुन्यांच्या वेगानं धावायला लावणं धोक्याचं आहे. सिकल सेल या रक्तदोषाच्या तपासणीचा निकाल हाती आल्याशिवाय कोणी मैदानात उतरता कामा नये.

पहिलं वर्ष बहुतेकांचं रेडशर्टचं असे, म्हणजे बाहेर बसून खेळण्याच्या पात्रतेचं एक वर्ष राखायचं. २०१८ च्या नियमानं चार सामने खेळूनही ते वर्ष राखता येत असे, आणि ते चार सामने कधी वापरायचे याला महत्त्व होतं. सप्टेंबरात दुबळ्या संघाविरुद्ध शेवटची दहा मिनिटं खेळवण्यात ते घालवण्यापेक्षा नोव्हेंबरसाठी दोन तरी राखणं शहाणपणाचं असे. तोवर मुलाला खेळ समजलेला असतो आणि संघात दुखापतीही झालेल्या असतात. बाकी आठवडाभर हा मुलगा स्काउट टीममध्ये पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो, म्हणजे दर आठवड्याला दुसऱ्याचंच तंत्र. असं बारा आठवडे चाललं की स्वतःच्या संघाचं पाऊल कसं टाकायचं तेच तो विसरतो. उपाय साधा आहे: आठवड्यातून दोनदा, सरावानंतर २० मिनिटं, फक्त नव्यांसाठी, आपल्याच खेळी आणि आपल्याच प्रशिक्षकाची नजर. चांगले संघ हे नेमानं करतात. बाकीच्यांचं ऑक्टोबरात बंद पडतं, कारण हंगामातले आठवड्याचे २० तास मोठ्यांवरच खर्च होतात.

आणि मुलं जातात. २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. जो बरो ओहायो स्टेटच्या २०१५ च्या तुकडीतला, पारख अचूक होती, पण हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि विजेतेपद त्यानं २०१९ च्या हंगामात एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट) खेळताना मिळवलं. म्हणून तुकडीचा निकाल तीन वेळा लिही: सहीच्या दिवशी, अठरा महिन्यांनी आणि तिसऱ्या हंगामानंतर. दर वेळी प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी: संघात आहे का, किती स्नॅप (खेळी) खेळला, नसेल तर का गेला. ‘का’ लिहिताना दुखापत, अभ्यास, जागा न मिळणं आणि त्याच्या जागेचा प्रशिक्षक बदलणं हे वेगवेगळं नोंदव. पाच वर्षांचे कागद शेजारी ठेवलेस की दिसेल, तुमचं ऑफिस मुलं ओळखण्यात कमी पडतं की घडवण्यात.

कागदावर ‘आळशी’, ‘मऊ’, ‘बुद्धीनं कमी’ असे शब्द लिहू नकोस. ‘तिसऱ्या सत्रात सात वेळा खेळी संपण्याआधी थांबला’ असं लिही. त्यावर प्रशिक्षक काहीतरी करू शकतो, आणि सतरा वर्षांच्या पोरावर शिक्का बसत नाही.

पहिले तीन टॅकल बघून झाले की त्यांचे कागद मला पाठव, रविवारी दोघं मिळून व्हिडिओ लावू. आईनं भाजणी आणि मेतकूट पाठवलंय, पार्सल गुरुवारपर्यंत पोचेल.

तुझा,
बाबा